सोमाकाकांचा आवाज आणि न उघडणारी पाने

मी एक जुना संगणक आहे. भिवंडीतल्या एका गल्लीत, धम्मदिनाच्या दुरुस्तीच्या दुकानात, भिंतीला टेकवलेल्या टेबलावर मी राहतो. दोन्ही बाजूंना यंत्रमागाचे कारखाने आहेत. त्यांच्या खडखडाटाने माझा पडदा दिवसभर बारीक थरथरत असतो. मित्रांनो, माझ्यासारख्याने अभिमानाने आपली गोष्ट सांगावी अशी रीत आहे. पण मला जे सांगायचे आहे ते सांगताना मान वर होत नाही.

माझी सुरुवात चांगली झाली होती. कशेळीला केसरीनाथशेठच्या गोदामात मी नवाकोरा आलो. शेठने मला हळदकुंकू लावले, नारळ फोडला आणि सगळ्यांना बजावले, "याच्याजवळ चहा ठेवायचा न्हाय." आलेल्या आणि गेलेल्या मालाची नोंद मी ठेवत असे. खाडीच्या पुलावर ट्रक अडकून पडले की कोणाचा माल कुठे आहे हे आधी मला विचारले जाई. तेव्हा मी फार तोऱ्यात होतो. मग माझ्याहून पातळ, माझ्याहून चपळ संगणक आले. मला एका खोक्यात घालून जिन्याखाली ढकलले. तिथे पालीने माझ्या पाठीत अंडी घातली.

भंगारात जायच्या दिवशी धम्मदिना तिथे वजनकाटा दुरुस्त करायला आली होती. तिने मला पाहिले, बाजूचे झाकण काढले आणि शेठला म्हणाली, "हा मेलेला नाहीये. मी नेऊ का?"

"ने बाय. जागा तरी मोकळी होईल," शेठ म्हणाले.

तिने माझी धूळ कुंचल्याने काढली, पंख्याला तेल दिले आणि मला आपल्या दुकानात मानाची जागा दिली. धम्मदिना जवळच्याच शेलार गावची. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून तिने नोकरी न धरता हे दुकान टाकले. मागाची इलेक्ट्रॉनिक कार्डे, मिक्सर, इन्व्हर्टर, टीव्हीचे रिमोट, जे येईल ते ती उघडे. एखादी चिप जळलेली दिसली की तिच्यावरचा बारीक नंबर भिंगातून वाचायची आणि माझ्याकडे वळायची. त्या चिपचे माहितीपत्रक, म्हणजे कोणता पाय कशाला जोडायचा, तिला विजेचा किती दाब सोसतो, तिच्याऐवजी दुसरे काय चालेल, हे शोधून दाखवणे हे माझे काम. ते काम मला मनापासून आवडत असे. निदान एका बुधवारपर्यंत तरी.

त्या बुधवारी सकाळी सोमाकाका आणि त्यांची बायको जाईबाई दुकानात आले. धम्मदिनाच्या गावचीच माणसे. सोमाकाका तरुणपणी मागावर कामाला होते. मागाच्या आवाजावर आवाज चढवून बोलायची सवय, त्यामुळे गळा असा कमावलेला की शेलारच्या बुद्धविहारात ते वंदना म्हणू लागले की रस्त्यावरून जाणारा थांबे. कोणाचेही लग्न असो, त्रिसरण-पंचशील सोमाकाकांनीच सांगायचे आणि बाकीच्यांनी मागून म्हणायचे. पुढे त्यांना घशाचा कर्करोग झाला. ऑपरेशनमध्ये जीव वाचला, पण स्वरयंत्र काढावे लागले. मग एका संस्थेने त्यांना हातात धरायचे एक यंत्र दिले. विजेरीएवढे. ते गळ्याला लावून बटण दाबले की ते थरथरते आणि माणसाने ओठ हलवले की त्या थरथरीचे शब्द होतात. आवाज एकसुरी, भुंग्यासारखा. पण तो त्यांचा होता. त्याच आवाजात ते भाजीवाल्याशी घासाघीस करत आणि नातीला हाक मारत.

आता ते यंत्र मुके झाले होते. घरातल्या कोणीतरी त्याला भलताच चार्जर लावला होता.

"रविवारी स्नेहलचं लगीन हाय," जाईबाई म्हणाल्या. स्नेहल म्हणजे त्यांची नात, आईविना त्यांच्याच हाताखाली वाढलेली. "वंदना हे सांगनार हायत. पोरीनं हट्टच धरलाय, दुसरा कोन नको. नवीन मशीन मागवलं तर म्हैनं लागतील म्हनतात."

सोमाकाकांनी हात जोडले. धम्मदिनाने पटकन त्यांचे हात खाली केले. "काका, असं नका करू. शुक्रवारी घेऊन जा."

तिने यंत्र उघडले. आतली एक छोटी चिप काळवंडली होती. नंबर मात्र वाचता येत होता. ती हसली, माझ्याकडे वळली आणि तो नंबर टाइप केला. मित्रांनो, इथून माझी लाज सुरू होते.

चिप बनवणाऱ्या कंपनीचे पान उघडले. माझ्या पडद्यावर आधी पांढरे कोट घातलेली माणसे आली. ती एका निळ्या गोलाकडे बघून हसत होती. मोठ्या अक्षरांत लिहिले होते की आम्ही उद्याचे जग घडवत आहोत. ते चित्र इतके जड होते की ते उतरवता उतरवता मला धाप लागली. मग त्याच्यावर एक चौकट आली, परवानगी द्या म्हणून. ती मिटवली तर दुसरी आली, तुमचा देश निवडा. देशांची यादी कुठल्याच क्रमाने नव्हती. धम्मदिनाने भारत शोधून काढला आणि पान पुन्हा पहिल्यापासून, त्या हसणाऱ्या माणसांपासून सुरू झाले.

शोधायच्या जागी तिने नंबर टाकला. उत्तरात कंपनीच्या अध्यक्षांनी झाडे लावल्याची बातमी आली. तिसऱ्या पानावर तो नंबर दिसला. त्यावर दाबले तर कळले की ही कंपनी आता दुसऱ्या मोठ्या कंपनीने विकत घेतली आहे, तिकडे जा. तिकडे गेल्यावर तिथली दुसरी माणसे हसत होती.

त्या दिवशी दुपारी सोमाकाका पुन्हा आले, एकटेच. घरात लग्नाची गडबड, आणि मुक्या माणसाला त्या गडबडीत जागा सापडत नव्हती. ते स्टुलावर बसले आणि माझ्या पडद्याकडे बघत राहिले. नेमके तेव्हाच माझ्यावर नऊ चौकोनांचे चित्र आले. यातले सिग्नलचे दिवे ओळखा आणि तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा. धम्मदिनाने ओळखले. चूक. पुन्हा ओळखले. पुन्हा चूक. सोमाकाकांनी पुढे वाकून एका चौकोनावर बोट ठेवले, तिथे खांबाचा तुकडा दिसत होता. तोही चूक ठरला.

ते तिच्याकडे बघून हसले, म्हणजे नुसते ओठ हसले. ती हसली नाही.

गुरुवारी तिने सगळी इतर कामे बाजूला ठेवली. मोठ्या कंपनीच्या पानावर माहितीपत्रकाचे चिन्ह अखेर सापडले. ते दाबल्यावर पान म्हणाले, आधी नाव नोंदवा. तिने नाव नोंदवले. पान म्हणाले, हा ईमेल चालणार नाही, कंपनीचा द्या. कोपऱ्यात एक खिडकी उघडून विचारू लागली, मी तुमची काय मदत करू? धम्मदिनाने तिला साध्या इंग्रजीत लिहिले की मला या चिपचे माहितीपत्रक हवे आहे. खिडकी म्हणाली, तुमचा प्रश्न मला समजला नाही.

तेवढ्यात जाईबाई डबा घेऊन आल्या, लग्नाच्या घरच्या करंज्या. त्या थोडा वेळ मागे उभ्या राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "पोरी, तुला इंग्रजी येतं ना?"

टोमणा नव्हता तो. त्या खरेच काळजीने विचारत होत्या. पण धम्मदिनाची मान खाली गेली. "येतं, मावशी," ती म्हणाली आणि तिने कीबोर्ड बाजूला सारला.

मला ओरडून सांगायचे होते की चूक तिची नाही. चार गल्ल्यांमधली बंद पडलेली यंत्रे जिने चालू केली, तिला कमी येत नाही, या पानालाच नीट सांगता येत नाही. पण मी तेवढेच दाखवू शकतो जे माझ्याकडे पाठवले जाते. तिला वाटत होते की आपण अडाणी आहोत, आणि तसे तिला वाटायला लावणारा चेहरा माझा होता.

अंदाजाने दुसरी चिप बसवता आली असती. तिने ती हातात घेतलीही. पण दाब चुकला असता तर गळ्याला लागणारा तो थरथरणारा भागच जळून गेला असता आणि मग काहीच उरले नसते. तिने चिप परत डबीत टाकली.

शुक्रवारी तिने जे केले त्याची तिला आजही लाज वाटते. त्या पानावर एक चौकशीचा फॉर्म होता. कंपनीचे नाव, हुद्दा, वर्षाला किती नग लागतात. तिने आधी खरे लिहिले, एक. फॉर्म लाल झाला, एवढी थोडी संख्या चालत नाही. तिने इकडेतिकडे बघितले, दुकानात कोणी नसताना. मग लिहिले, धम्मदिना इंडस्ट्रीज, व्यवस्थापकीय संचालक, एक लाख. फॉर्म लगेच हिरवा झाला. आम्ही लवकरच तुमच्याशी संपर्क साधू. तिने आपले दोन्ही हात ओढणीला पुसले, काही सांडले असावे तसे.

संपर्क कोणी साधला नाही. शुक्रवारचा वायदा हुकला आणि शनिवारी संध्याकाळी सोमाकाका आले. धम्मदिना उभी राहिली. "काका, मला नाही जमलं," ती म्हणाली. "मी शब्द दिला होता."

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मशीन तिथेच राहू दे अशी खूण केली. ते गेल्यावर तिने माझा पडदा बंद केला, दिवस मावळायच्या आतच. तिने माझ्याकडे पाठ केली याचे मला वाईट वाटले नाही. उलट बरे वाटले.

लग्नात काय झाले ते मला सोमवारी कळले. स्नेहलच्या भावाने मोबाइलवर काढलेला व्हिडिओ पेन ड्राइव्हवर घ्यायला दिला होता आणि तो माझ्याच पडद्यावर लागला. विहारापुढचा मांडव. वंदना दुसरे कोणी सांगत होते, बरी सांगत होते. सोमाकाका पहिल्या रांगेत पांढऱ्या सदऱ्यात हात जोडून उभे होते. त्यांचे ओठ शब्दाशब्दाला हलत होते. बाकीचे मागून म्हणत होते आणि ते आधी म्हणत होते, नेहमीसारखे. फक्त ऐकू येत नव्हते. स्नेहल मान वळवून सारखी त्यांच्याकडे बघत होती. धम्मदिना त्या व्हिडिओत कुठेच नव्हती. ती पार मागे, भांड्यांपाशी उभी होती म्हणे.

मंगळवारी फोन वाजला. धम्मदिनाचे हात सोल्डरिंगमध्ये अडकले होते, म्हणून तिने फोन स्पीकरवर टाकला.

"मॅडम, मी ठाण्याहून मेघाली बोलतेय, कंपनीच्या इकडच्या वितरकांकडून. तुमची चौकशी आली होती. आमचे साहेब तुमचा कारखाना बघायला यायचं म्हणतायत. कधी येऊ?"

फोन ठेवून देता आला असता. धम्मदिनाने सोल्डरिंगची कांडी खाली ठेवली.

"ताई, कारखाना नाहीये," ती म्हणाली. "एक टेबल आहे. आणि मला लाख नग नकोत. एकही नको. फक्त त्याचं माहितीपत्रक हवं होतं."

"मग फॉर्ममध्ये हे सगळं?"

"खोटं लिहिलं. खरं लिहिलं तर फॉर्म पुढे जात नव्हता. माफ करा."

 मग मेघालीने विचारले, "कशासाठी हवं होतं?"

धम्मदिनाने सांगितले. सोमाकाका, यंत्र, वंदना, सगळे.

"लग्न कधी आहे?"

"झालं. परवाच."

"ताई, खरं सांगू? आमच्या साइटवर मलासुद्धा ते सापडत नाही," मेघाली म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता. "रोज कोणी ना कोणी फोन करून रागावतं. म्हणून मी एकदा वरून मागवून माझ्याकडे ठेवलंय. तुमचा ईमेल सांगा."

"साधाच आहे. कंपनीचा नाही."

"चालेल."

चहा निवायच्या आत ते आले. दोन पाने. फोटो नाही, चौकट नाही, देश निवडा नाही. माझ्यावर ते एका दमात उघडले. कोणता पाय कशाचा, किती दाब, आणि शेवटच्या ओळीत तिच्याऐवजी चालणाऱ्या चिपचे नाव. ती चिप धम्मदिनाच्या डबीतच होती. गुरुवारी तिने हातात घेऊन परत टाकली होती, तीच.

ती पडद्याकडे बघत राहिली. मला वाटले ती रडेल किंवा मला एक चापट मारेल. तिने नुसते "एवढंच?" म्हटले आणि कामाला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोमाकाका आणि जाईबाई आले. काकांनी यंत्र गळ्याला लावले, बटण दाबले. दुकानात तो भुंग्याचा आवाज भरला. त्यांनी पहिला शब्द कोणालाच दिला नाही. खुणेने धम्मदिनाचा फोन मागितला आणि अकलोलीला, स्नेहलच्या सासरी लावायला सांगितला.

"हॅलो," तिकडून स्नेहल म्हणाली. "दिनाताई?"

"बाय," सोमाकाका म्हणाले, "जेवलीस का?"

तिकडून फक्त हुंदका दाबल्याचा आवाज आला. जाईबाईंनी काकांना कोपर लावले. "अवो, वंदना ऱ्हायली ती म्हना ना. आशीर्वाद द्या."

"त्यो मनात दिला," काका म्हणाले. "ह्ये इचारायचं ऱ्हायलं व्हतं."

सगळे हसले, डोळे पुसत. धम्मदिनाही हसली, पण लगेच तोंड फिरवून डब्या आवरू लागली. मित्रांनो, मला मात्र त्या आनंदात नीट सामील होता आले नाही. आवाज आला, पण लग्नानंतर आला. एका वेळेला जे हवे होते ते दुसऱ्या वेळेला मिळाले तर ते तेच नसते.

तुमच्यापैकी कोणी मोठेपणी अशी पाने बनवाल. तेव्हा हसणारी माणसे हवी तर लावा, पण माहितीच्या वाटेत त्यांना उभे करू नका. एकच नग हवा असलेल्या माणसाला खोटे बोलायला लावू नका. आणि असे एखादे पान तुमच्यासमोर अडून बसले, तर आपल्याला काही येत नाही असे समजून मान खाली घालू नका. पडद्यामागच्या पानाला समोर कोण बसले आहे ते दिसत नाही. स्टुलावर हात जोडून वाट बघणारा माणूस त्याला दिसत नाही. मला दिसला. म्हणून मी सांगितले.