ओसरीवर फ्रीज गळत नव्हता

"बाई कुठं हाये?" पडद्याआडून अनवरीबींनी विचारलं.

मी हत्यारांची पेटी ओसरीवर ठेवली. अमरावतीत नागपुरी गेटाजवळच्या या घरी मी एकटा कधीच आलो नव्हतो. दरवेळी माझी बायको पंचफुला पडदा सारून सरळ आत जायची आणि मी बाहेर पेटी उघडून बसायचो.

"नाही आली," मी म्हणालो.

"ते दिसून राहिलं. काहून नाही आली? माहेरी गेली का?"

"वारली जी."

आत कोणीतरी भांडी घासत होतं. तो आवाज थांबला.

"या अल्लाह! कधी?"

"होळीच्या नंतर. कावीळ झाली होती."

"अन् आमाले आज सांगता? काल-परवाची ओळख होती का आपली? एक कार्ड नाही टाकता आलं?"

अकोल्यात कोणाला सांगावं लागलं नव्हतं. वस्तीतल्या लोकांनीच सगळं पाहिलं होतं, त्यांनीच खांदा दिला होता. ती वारली हे मी तोंडाने पहिल्यांदा बोललो ते इथे, पडद्याकडे पाहून.

"बसा," अनवरीबी म्हणाल्या. "फ्रीजचं मंग पाहू."

मी अकोल्याला ओमप्रकाश शेठच्या विजेच्या दुकानात कामाला आहे. फ्रीजचं काम मी शिकलो तेव्हा अकोला-अमरावती दोन्ही जिल्ह्यांत मिळून थोडेच फ्रीज होते. डॉक्टरांकडे, बड्या व्यापाऱ्यांकडे, क्वचित एखाद्या वकिलाकडे. फ्रीज घराच्या आतल्या भागात ठेवलेला असायचा. काही घरी पडदा होता, काही घरी सोवळं होतं. कारणं वेगळी होती, पण मी बाहेरच. बायका घटकाभर दुसऱ्या खोलीत जात, हमाल फ्रीज रिकामा करून ओसरीवर आणत, मी तिथे पाहायचो.

एका वर्षी कौंडण्यपूरच्या जत्रेहून परतताना वाटेत एका घरी काम निघालं. पंचफुला सोबत होती. मी बाहेर फ्रीज खोलून बसलो. थंडावा धरत नाही अशी तक्रार होती आणि मला तर त्यात काही खोट सापडेना. ती सहज आत जाऊन बायकांशी गप्पा मारून आली आणि हळूच म्हणाली, "अवो, काय खोलून राहिले? त्या दोघी सासू-सुना दुपारी याचं दार उघडतात अन् समोर पाय पसरून बसतात. हवा घेतात. बर्फ कसा होईन?"

तेव्हापासून बाहेरगावच्या कामाला ती सोबत येऊ लागली. ती आतलं पाहायची, मी बाहेरचं. ओमप्रकाश शेठ हसायचे, पण कामं होत होती म्हणून काही बोलले नाहीत.

ती गेल्यावर मात्र शेठ एक दिवस म्हणाले, "देवमन, बाहेरगावचं काम एकट्यानं होईल का तुझ्याकडून? नाही तर दुकानात बसून मोटारींना तार गुंडाळ, वायंडिंग कर. फिरायला मी दुसरा माणूस पाहतो."

"एकदा अमरावतीले जाऊन येतो शेठ," मी म्हणालो. "जमलं नाही तं मंग तुमी म्हणान तसं."

मला फिरणं सोडायचं नव्हतं. दुकानातून सुटून रोज संध्याकाळी आमच्या रिकाम्या खोलीत जाऊन बसणं मला जमणार नव्हतं. म्हणून हे काम मला जमवणं भाग होतं.

नागपुरी गेटाजवळचं हे घर संत्र्याच्या व्यापाऱ्याचं. अनवरीबींचे यजमान अब्दुल गफ्फार आता नाहीत. मुलगा ताहेर वरूडहून माल आणतो. त्याची बायको नईमा. फ्रीजखाली पाणी साचतं, दूध नासतं, घरभर ओल होते, अशी तक्रार होती.

हमालांनी फ्रीज ओसरीवर आणला. बर्फाच्या खणावर मुठीएवढ्या जाडीचा थर चढला होता. तो वितळवून काढला. खणाखालची थाळी फुटलेली नव्हती. दारात कागदाची पट्टी धरून दार लावलं आणि ओढून पाहिलं. पट्टी सगळीकडून घट्ट बसत होती, म्हणजे दाराचं रबर चांगलं होतं. पुढच्या पायांखाली पातळ फळी सरकवून फ्रीज किंचित मागे कलता केला. दिवसभर चालवला. दुपारी लाइन गेली, पुन्हा आली. खाली पाण्याचा थेंब नाही.

रात्री चुलतभाऊ जानरावकडे मुक्काम केला. सकाळी फ्रीज आत गेला. दुपार झाली तशी नईमाची हाक आली, "फिर पानी आया!"

पुन्हा बाहेर आणला. ओसरीवर तो कोरडा ठणठणीत. पुन्हा आत नेला. पुन्हा पाणी.

ताहेर बाजारातून आला आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "देवमनभाऊ, याले ओसरी आवडली वाटते. अंदर गेला की रडते."

"जागेत काही फरक असन. अजून एकदा पाहतो."

"पाहा. पण बडनेऱ्याचा सोडावाला मागून राहिला याले. परवा बी गळला तं मी देऊन टाकतो. अन् शेठले चिठ्ठी लिहितो, का तुमचा माणूस काही कामाचा नाही. बुरा नका मानू."

"त्यात बुरं काय मानायचं," मी म्हणालो.

तो गेल्यावर मी पडद्याजवळ जाऊन विचारलं, "बी, आत काय काय ठेवता?"

"दूध. मलई. गोश्त. अजून काय ठेवतात?"

"दार उघडं राहून जाते का?"

"आमी काय लेकरं हाव का जी?"

आत नईमा हसली. माझं विचारणं तिथेच संपलं. पंचफुला काय विचारायची ते मला नीट माहीत नव्हतं. ती विचारायची आणि बायका सांगायच्या, एवढंच माहीत होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी फ्रीज आतच होता. पाणी आल्याचं नईमाने सांगितलं होतं आणि मी हमालांची वाट पाहत ओसरीवर बसलो होतो. वैशाखाचं ऊन होतं. माझी बाटली कधीच संपली होती.

मी कोणाच्या घरी पाणी मागत नाही. लहानपणी आमच्या गावात वरून ओतलेलं पाणी ओंजळीने प्यायलो आहे. पुढे धर्म बदलला, दिवसही बदलले, पण मागायची सवय काही लागली नाही. पंचफुलाचं उलट होतं. ती घरात पाय ठेवला की आधी पाणी मागायची. सगळ्यांकडे. मी एकदा तिला टोकलं, तर म्हणाली, "काहून लाजू? देतील तं पिईन. नाही देतील तं समजून जाईन."

घसा फार कोरडा पडला होता.

"बी, जरा पाणी द्या जी."

"इतक्या वर्षांत पयल्यांदा पाणी मागून राहिले तुमी," अनवरीबी म्हणाल्या. "नईमा, दे वं."

पडद्याखालून काचेचा पेला बाहेर आला. मी एका घोटात अर्धा संपवला. दात शिवशिवले इतकं गार. माठातलं पाणी इतकं गार होत नाही, ते फ्रीजमधलंच होतं. पण चव मातीची होती. वाळ्याचा वासही येत होता.

मी उरलेलं पाणी सावकाश प्यायलो.

"बी, फ्रीजमधी सुरई ठेवता का?"

मग नईमाला हसू आवरेना. "अम्मी, पकडे गये!"

"मंग?" अनवरीबी म्हणाल्या. "बाटलीतलं पाणी काय पाणी हाये? रबराचा वास येते."

"एकच हाये का सुरई?"

"दोन. ओलं फडकं गुंडाळून."

"ओलं फडकं? फ्रीजमधी?"

"सुरईले ओलं फडकं नाही गुंडाळलं तं पाणी थंड कसं होईन? तुमी अकोल्याचे, तुमाले एवढं बी माहीत नाही?"

मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं. "मंग मी विचारलं तवा काहून नाही सांगतलं?"

"तुमी विचारलं काय ठेवता. सुरई काय ठेवायची चीज हाये? अन् हमाल आले की पयले सुरया काढून घेतो. फोडून टाकतील मेले."

म्हणून ओसरीवर फ्रीज गळत नव्हता.

मी पडद्याशी बसून त्यांना समजावलं. सुरई पाझरते, म्हणून तर तिच्यातलं पाणी गार होतं. पण बंद पेटीत तो पाझर आणि फडक्याची ओल जाणार कुठे? ती बर्फाच्या खणावर जाऊन गोठते, थर चढतो. दुपारी लाइन गेली की थर वितळतो, थाळी भरते आणि पाणी खाली येतं. फ्रीज चांगला आहे. सुरई बाहेर ठेवा.

"अन् चव?" अनवरीबींनी विचारलं.

"रातभर सुरईतच राहू द्या. सकाळी झाकणाच्या भांड्यात ओता, अन् ते भांडं फ्रीजमधी ठेवा. चव राहते."

"राहीन का?"

"नाही राहिली तं मले बोलवा."

नईमाने आतच बर्फ वितळवून काढला. हमालांना परत पाठवलं. त्या दिवशी मी जानरावकडे राहिलो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन बसलो. दुपारी लाइन गेली. पुष्कळ वेळ गेली. मी आतल्या आवाजांकडे कान लावून होतो. लाइन आल्यावर मी म्हणालो, "नईमाबाई, खाली एक कोरडं फडकं फिरवून पाहा."

जरा वेळाने पडद्याखालून फडकं बाहेर आलं. मी ते दोन्ही हातांत दाबून पाहिलं, गालाला लावून पाहिलं. कोरडं होतं.

"फुलाबाई असती तं पयल्या दिवशीच धरलं असतं तिनं," अनवरीबी आतून म्हणाल्या.

"हो," मी म्हणालो.

"आता यायचं सोडू नका. काम नसलं तरी या."

ताहेरने शेठला चिठ्ठी लिहिली नाही. शेठने मला वायंडिंगला बसवलं नाही. त्या उन्हाळ्यात मी तेल्हाऱ्याला गेलो, पावसाळ्याआधी वरूडला दोनदा गेलो. प्रत्येक घरी पेटी खाली ठेवायच्या आत आतून "बाई कुठं हाये?" हाच प्रश्न यायचा, आणि मी सांगायचो. पुढे कोणी पाणी आणून द्यायचं, किंवा मी मागून घ्यायचो, आणि काम सुरू व्हायचं.

परतवाड्याच्या माणिकबाईंचा फ्रीज चांगला चालतो. तिकडून बोलावणं आलेलं नाही. त्यांना अजून पंचफुलाचं सांगायचं आहे.