निळं ठिगळ

"ही साडी नाही चालणार," नम्रता मॅडम म्हणाल्या. "जरीची आहे. लोकांना वाटेल, हिला कसलं आलंय कर्ज!"

परळच्या त्या सभागृहात, बायकांच्या मेकअप रूममध्ये रखमानं पदराची जर मुठीत झाकली. भोकरदनहून रात्रभर एसटीत बसून ती आली होती. गावच्या सोसायटीचं तिचं कर्ज नम्रता मॅडमची संस्था फेडणार होती. चेक आज स्टेजवर मिळायचा होता. मुंबईत चार मोठ्या माणसांत जायचं म्हणून तिनं जावेची डाळिंबी साडी मागून आणली होती, अंबाड्यात गजरा माळला होता. यात त्या बिचारीचं काय चुकलं, सांगा.

कोपऱ्यात मीराबाई फरशी पुसत होत्या. गिरणी बंद पडून नवरा घरी बसला, तेव्हा सभागृहाच्या साफसफाईचं फडकं त्यांच्या हातात आलं, ते बावीस वर्षं सुटलं नाही. अंगावरची हिरवी सुती साडी धुऊन धुऊन विटली होती. खांद्यावर निळ्या कापडाचं ठिगळ होतं, स्वतःच्या हातानं घातलेलं.

नम्रता मॅडमची नजर त्या ठिगळावर जाऊन थांबली.

"मावशी, दहा मिनिटं हिच्याशी साडी बदलता का? तुमची एकदम परफेक्ट आहे."

परफेक्ट म्हणे! मीराबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मदत करताय की तमाशा मांडलाय, मॅडम? ती नीटनेटकी आली तर तुमच्या पोटात का दुखतं?"

"मावशी, समोर डोनर बसलेत. त्यांना गरज दिसायला नको? हिच्यामागे अजून चाळीस घरं थांबलीयत. यांनी हात आखडला तर मी कुणाच्या दारात जाऊ?"

मीराबाई मॅडमना चांगलंच फैलावर घेणार होत्या, पण रखमानं त्यांचा ओला हात धरला.

"बदला माय. चेक न्हाई मिळाला तर दीड एकर जातंय माझं."

मग काय बोलणार, कप्पाळ! पडद्याआड दोघींनी साड्या बदलल्या. गजरा रखमानं आपणहून काढला.

"जावंची हाय, जपा बरं," ती म्हणाली आणि गेली.

फिनेलचा वास लागू नये म्हणून मीराबाई हात अधांतरी धरून खुर्चीच्या टोकावर बसल्या. बाहेर माईक घुमत होता. "बघा, हिच्या अंगावर धड साडीसुद्धा नाही!" टाळ्यांचा कडकडाट झाला.

"मेल्यांनो, ती माझी साडी आहे!" मीराबाई भिंतीला म्हणाल्या. "गेली बावीस वर्षं तुमच्यासमोरून फिरतेय मी, तेव्हा काय डोळे फुटले होते?"

रखमा परत आली. चेक तिनं मुठीत घट्ट धरला होता. आपली साडी नेसून झाल्यावर तिनं ती हिरवी साडी चापूनचोपून घडी घालून मीराबाईंच्या हातात दिली, जावेची द्यावी तशी. मग ती वाकून पाया पडली. मीराबाईंना रडूच फुटलं.

महिन्याभरानं संस्थेचा पुन्हा कार्यक्रम होता. गेटवर दहा फुटी बॅनर लागला. त्यावर मान खाली घातलेली रखमा, आणि तिच्या खांद्यावर ताटाएवढं निळं ठिगळ. खाली लिहिलं होतं, 'हिला तुमची गरज आहे.'

मीराबाई बादली घेऊन बॅनरखाली आल्या. अंगावर तीच साडी होती. गाड्यांतून पाहुणे उतरत होते, वर बघून हळहळत होते, एकीनं तर रुमालानं डोळे टिपले आणि मग बादलीला वळसा घालून ती आत गेली. कुणाचीही नजर खाली आली नाही.

"मावशी, प्लीज जरा बाजूला व्हा," नम्रता मॅडम म्हणाल्या. "पाहुण्यांचा बॅनरसोबत फोटो घ्यायचाय."

मीराबाईंनी बादली खाली ठेवली. खांद्यावरचं ठिगळ पुढे दिसेल असा पदर सारखा केला आणि तिथेच उभ्या राहिल्या.