अधांतरी लोखंड

घरात ते सासरे, ती सून. ओतकामाच्या शेडमध्ये मात्र ती देखभालीची इंजिनीअर आणि ते क्रेन चालवणारे. तिथे ते तिला 'मॅडम' म्हणत आणि ती त्यांना 'ऑपरेटर'. बाकीचे कामगार गालात हसत.

त्या दुपारी क्रेनची मोटर जळाली. लेडल, म्हणजे वितळलेल्या लोखंडाने भरलेलं खोलीएवढं पोलादी भांडं, वाळूच्या खड्ड्यावर अधांतरी लटकलं. ब्रेकने धरलं होतं म्हणून बरं. पण लेडलच्या कुशीला लाल डाग दिसू लागला. आतल्या विटा झिजल्या होत्या. पत्रा केव्हाही फुटला असता, आणि एवढ्या उंचीवरून लोखंड शेडभर उडालं असतं.

खालची माणसं बाहेर काढून ती क्रेनच्या माथ्यावर चढली. ब्रेकचा दांडा हाताने किंचित उचलायचा, लेडल स्वतःच्या वजनाने थोडं उतरू द्यायचं, की लगेच दांडा दाबायचा. दुसरा इलाज नव्हता. पण माथ्यावरून लेडल दिसत नव्हतं. दिसत होतं ते फक्त सासरे बसले होते त्या केबिनमधून.

"ऑपरेटर, केबिन सोडा," ती वॉकीटॉकीवर म्हणाली.

"मग खाली बघणार कोण, मॅडम?"

केबिन एव्हाना भट्टी झाली असणार. घरी काय तोंड दाखवू, हा विचार आला तसा तिने झटकला.

"बसा. पण मी निघा म्हटलं की निघायचं."

"बरं. उचल."

तिने दांडा उचलला. दोर करकरले.

"दाब! हातभर आलं. पुन्हा."

पुन्हा. पुन्हा. ब्रेकमधून धूर निघू लागला. तापलेला ब्रेक धरत नाही. थांबावं तर डाग पसरतोय. इकडे आड, तिकडे विहीर.

"डाग केवढा झाला?"

"ताटाएवढा."

"थांबावं लागेल. ब्रेक निवू दे."

"थांब की. मी कुठे पळून चाललोय?" आवाजाला धाप लागली होती.

धूर विरल्यावर तिने पुन्हा दांडा उचलला, दाबला. लेडल थांबेना! घसरतच राहिलं. ती अख्ख्या अंगाचा भार टाकून दांड्यावर पडली. हातमोजे करपले, तळवे भाजले, पण तिने दांडा सोडला नाही. एक हिसका बसला आणि सगळं थांबलं.

"अजून वीतभर," सासरे म्हणाले. "हळू... टेकलं! टेकलं गं!"

"निघा आता!"

उत्तर आलं नाही.

ती माथ्यावरून उतरून केबिनकडे धावली. ते केबिनच्या दारात गुडघ्यांवर बसले होते, उठता येत नव्हतं. तिने काखेत हात घालून त्यांना ओढत क्रेनच्या पुलाच्या टोकापर्यंत नेलं. तेवढ्यात खाली पत्रा फुटला. लोखंड खड्ड्यातच पसरलं, वाळू धगधगत राहिली.

दवाखान्यात सासऱ्यांना सलाईन लावलं. ते झोपले. सासूबाई आल्या, नवऱ्याच्या कपाळाला हात लावला आणि वळल्या.

"त्यांना तिथे बसवताना तुला कळत नव्हतं?"

"कळत होतं, आई."

सुनेच्या हातांवरच्या पट्ट्या बघून सासूबाईंनी पाण्याची बाटली उघडली आणि तिच्या ओठांना लावली.