दोघांनी चालवलेली गाडी

क्लचमास्तर क्लच न दाबता गाडी चालवतात, असं कुणी सांगितलं असतं तर लोकांनी आधी पोट धरून हसून घेतलं असतं आणि मग सांगणाऱ्याला वेड्यात काढलं असतं. कारण या माणसाचा उभा जन्म शेजारच्या सीटवर बसून "क्लच! अहो, क्लच!" असं बोंबलण्यात गेला होता. मोटार शिकवायची शाळा होती त्यांची. शाळा म्हणजे काय, एक टेबल, भिंतीवर रस्त्याच्या खुणांचा तक्ता आणि दारात दोन गाड्या. पण निम्मं शहर त्यांच्या शिव्या खाऊन गाडी शिकलेलं. क्लच अर्धवट दाबून कुणी गिअर टाकला की मास्तरांच्याच दातांवरून करवत फिरायची. "गिअरबॉक्स काय सासऱ्याने आंदण दिलाय?" असं ते भल्याभल्या वकिलांना नि डॉक्टरांना विचारत, आणि ती मंडळी खाली मान घालून पुन्हा क्लच दाबत.

शिकली नाही ती एकटी त्यांची बायको. लग्न नवं असताना पहिल्याच धड्याला मास्तर तिच्यावर असे खेकसले, की ती भर रस्त्यात दार उघडून खाली उतरली आणि चालत घरी आली. तुमची गाडी तुम्हाला लखलाभ, म्हणाली, आणि शिवणयंत्रावर जाऊन बसली. हातात अशी सफाई, की आसपासच्या सगळ्या बायका तिच्याकडेच कपडे टाकत आणि तिला शिवणकाकू म्हणत. आपणही काकूच म्हणू. रागाच्या बाबतीत मात्र नवरा-बायको एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं असे. सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही. भांडतभांडतच संसार केला त्यांनी, आणि खरं सांगायचं तर छान केला.

मग मास्तरांना अर्धांगवायूचा झटका आला. डावा हात गेला, डावा पाय गेला, जीभ थोडी जड झाली. जिवावरचं पायावर निभावलं म्हणून सगळ्यांनी समाधान मानलं. गाडीचं नावसुद्धा काढायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. शाळा बंद झाली. एक गाडी गेली, एक अंगणात उभी राहिली. आणि घरभर ज्याचा आवाज घुमायचा तो माणूस भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागला. दोन घास खायचा, ताट सारायचा. भांडायचासुद्धा नाही. काकू मुद्दाम मीठ जास्त टाकून बघायच्या, तरी हूं की चूं नाही. तेव्हा मात्र त्या घाबरल्या.

एकदा सकाळी बघतात तर मास्तर काठी टेकत अंगणात गेलेले आणि गाडीत, आपल्या जागेवर, चाकावर उजवा हात ठेवून बसलेले. काकू दारात आल्या तशी त्यांनी मानेनेच डावीकडची सीट दाखवली.

"ये, बस."

"कुठे जायचंय मला?"

"कुठे नाही. गिअर धर."

काकूंना वाटलं, आजार डोक्यात गेला. पण मास्तरांचं डोकं ठणठणीत होतं, इतक्या महिन्यांत तेवढंच तर चालवलं होतं त्यांनी. एक हात चाकाला, एक पाय ब्रेकला नि ॲक्सिलरेटरला. उरला गिअर, तो बायकोच्या हाती. आणि क्लच? क्लच लागतच नाही, म्हणाले. ही गोष्ट जन्मभर एकाही विद्यार्थ्याला सांगितली नव्हती त्यांनी, उगाच नसते चाळे शिकतील म्हणून. गाडी बंद असताना पहिला गिअर टाकायचा आणि किल्ली फिरवायची. ती हिसका देऊन सुरू होते नि चालायलाच लागते. वेग आला की मी पाय उचलणार, त्या क्षणी गिअर सैल होतो, तू तो मधे ओढून घ्यायचास, न्यूट्रलला. मग इंजिनाचा आवाज खाली येतो. तो बरोबर जागेवर आला की दुसरा गिअर आपोआप आत जातो, लोण्यात सुरी जाते तसा. खालचा गिअर घ्यायचा असेल तर उलटं. तू मधे घे, मी ॲक्सिलरेटर देऊन आवाज चढवतो, मग ढकल. जोर लावायचा नाही. गेला नाही तर थांबायचं.

"आणि बरोबर जागेवर आला हे मला कसं कळणार?"

"मशीनवर दोरा तुटायच्या आधी कळतं ना तुला? तसंच."

काकूंनी हे करायला नको होतं. डॉक्टरांनी नाही म्हटलेलं, कायद्यात बसत नाही, अक्कलही नाही म्हणते. त्यांना काय हे ठाऊक नव्हतं? पण भिंतीकडे तोंड केलेला नवरा ज्या बाईने महिनोन्महिने पाहिला, तिला शहाणपण शिकवायला कुणी जाऊ नये.

बंद पडलेल्या कारखान्याच्या मागे मोठं मैदान होतं. तिथे ती दोघं शिकली. पहिल्या दिवशी गिअरबॉक्सने असा टाहो फोडला की काकूंचे डोळे भरून आले. आता हा माणूस खेकसणार, म्हणून त्यांनी दाराच्या कडीला हातही घातला. पण मास्तर खेकसले नाहीत. "माझाच पाय उशिरा उठला," म्हणाले. इतक्या वर्षांच्या संसारात आपलीच चूक झाली हे वाक्य काकू पहिल्यांदा ऐकत होत्या. त्यांनी कडीवरचा हात काढला आणि पुन्हा गिअर धरला.

हळूहळू जमलं. असं जमलं की दोघांनाही नवल वाटायला लागलं. मास्तरांचा पाय उठायच्या आधी काकूंच्या तळहाताला ते कळायचं. गिअर जाताना टकदेखील वाजायचं नाही. काकूंच्या मनात यायचं, आपण इतके जवळ कधी नव्हतो, लग्न नवं होतं तेव्हाही नाही. मग त्यांची त्यांनाच लाज वाटायची. दर रविवारी भल्या सकाळी, रस्ते रिकामे असताना, ती दोघं गावाबाहेरच्या सरळ रस्त्याने तळ्यापर्यंत जात आणि परत येत. मास्तर जेवायला लागले. आमटीला नावं ठेवायला लागले. काकूंना तर देव पावल्यासारखं झालं.

आणि भांडण परत आलं, ते गाडीत बसूनच आलं. मास्तरांची एक नवी खोड होती. राग आला की पाय उचलायचे, काकू सवयीने गिअर मधे ओढायच्या, आणि मग पठ्ठ्या ॲक्सिलरेटर द्यायचाच नाही. गाडी आपली न्यूट्रलमध्ये घरंगळत घरंगळत रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहायची. काकू हँडब्रेक ओढायच्या आणि खिडकीबाहेर बघत बसायच्या. दोघांची तोंडं दोन दिशांना. जो आधी बोलेल तो हरला. बहुतेक वेळा मास्तरच हरायचे, कारण त्यांच्या जिभेला कंड. एकदाच काकू हरल्या होत्या. "पेट्रोल काय तुमचे तीर्थरूप भरणारेत?" असं त्या म्हणाल्या आणि मास्तर खो खो हसत सुटले. हसताना त्यांचं तोंड एका बाजूला वाकडं व्हायचं. काकूंना ते वाकडं हसूच आवडायला लागलं होतं.

पण अशा गोष्टी झाकून राहतात थोड्याच? कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याने पाहिलं आणि लेकीच्या कानावर घातलं. लेक त्याच शहरात दुसऱ्या टोकाला राहायची. ती बापाशी काहीच बोलली नाही, आईला बाजूला घेतलं. ओरडली नाही, रडलीही नाही, फक्त विचारलं की उद्या कुणाचं लेकरू आडवं आलं तर कोण उत्तर देणार, तू की बाबा? हा प्रश्न काकूंना रोज रात्री पडतच होता. त्यांनी कपाटातली दुसरी किल्ली काढून लेकीच्या हातात दिली. रविवारी संध्याकाळी जावई येऊन गाडी घेऊन जाणार, असं ठरलं. बाबांना मीच सांगते, म्हणाल्या. आठवडा गेला, तोंड उघडेना. रविवार उजाडला.

नेहमीसारखी दोघं तळ्यापर्यंत गेली. परत येताना, तिसऱ्या गिअरवर, काकूंनी सांगून टाकलं. गाडी आज शेवटची. लेकीला किल्ली दिली. संध्याकाळी नेतील.

 मास्तर म्हणाले, "मला न विचारता?"

काकूंना काय काय सांगायचं होतं. मलाही नको होतं हो हे, असं सांगायचं होतं. पण वाकायची सवय कुठे होती? "विचारून तुम्ही काय हो म्हणणार होता?" असं फटकन तोंडातून गेलं.

पुढे वळण होतं. मास्तरांचा पाय उठला. काकूंनी तिसरा गिअर मधे ओढून घेतला आणि दुसऱ्यासाठी आवाज चढायची वाट पाहिली. आवाज चढला नाही. गाडी घरंगळत गेली, डाव्या कडेला गवतात शिरली आणि हळूच उभी राहिली, नेहमीसारखी. काकूंनी हँडब्रेक ओढला. रुसा, म्हणाल्या मनात. आज तर मी मुळीच बोलणार नाही. आणि त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं.

कुंपणापलीकडे रोपवाटिका होती. एक बाई नळी धरून रोपांना पाणी घालत होती. काकू तिच्याकडे बघत बसल्या. मागे मास्तर एकदा घशातून "हं" म्हणाले. हिणवल्यासारखं "हं". हं का, बरं, म्हणून काकूंनी मान आणखीच ताठ केली. इंजिन आपलं चालू होतं. पाणी घालणारी बाई एक ओळ संपवून दुसऱ्या ओळीला लागली. मधे केव्हातरी मास्तरांची बोटं काकूंच्या पदराला लागल्यासारखी वाटली. काकूंनी पदर ओढून घेतला. लाडीगोडी नको, शब्द हवा, असं त्यांचं म्हणणं. तुम्हीच बोला आधी, नेहमी बोलता तसं.

दुसरी ओळही संपली. बाईने नळी खाली टाकली, गाडीकडे निरखून पाहिलं आणि कुंपणाशी येऊन म्हणाली, "काकू, त्यांना बरं वाटत नाहीये का?"

तेव्हा काकूंनी वळून पाहिलं.

दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. मेंदूत रक्तस्राव झाला, डॉक्टर म्हणाले. भला माणूस होता, मास्तरांकडेच गाडी शिकलेला. पहिल्या दहा मिनिटांत आणलं असतं तरी मी काही करू शकलो नसतो, असं त्याने हात धरून सांगितलं. काकूंनी एकच विचारलं, लगेच गेले का? डॉक्टरांना वाटलं, किती यातना झाल्या ते विचारतायत. त्याने खरं ते सांगितलं, की लगेच नसावेत, थोडा वेळ शुद्ध असेल, पण वाचा आधी गेली असणार. त्रास फार झाला नसेल, असंही म्हणाला. काकूंनी मान हलवली.

घर माणसांनी भरलं. जो तो काकूंच्या प्रसंगावधानाचं कौतुक करत होता. बाईमाणूस असून गाडी न्यूट्रलला घेतली, ब्रेक लावला, नाहीतर रस्त्यावर केवढा अनर्थ झाला असता. काकू ऐकून घेत होत्या. रात्री सगळे पांगल्यावर लेक त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. मी किल्ली घेतली म्हणूनच झालं, बाबांनी धसका घेतला, असं तिच्या मनाने घेतलं होतं. तेव्हा काकूंनी तिला सगळं सांगितलं. रुसवा, खिडकी, ते "हं", ओढून घेतलेला पदर. काही राखून ठेवलं नाही. लेकीला निदान तिच्या माथ्यावरचं ओझं तरी खाली ठेवता यावं, एवढाच हेतू.

लेक उठून बसली. आईचा चेहरा तिने दोन्ही हातांत धरला.

"आई, डॉक्टर काय म्हणाले ऐकलंस ना? काही उपयोग नव्हता. तुला तेव्हाच कळलं असतं, तरी तू काय करणार होतीस?"

"बोलले असते गं," काकू म्हणाल्या. "मी आधी बोलले असते."