आमच्या घरातली मुकी

आमच्या घरात मला मुकी म्हणतात. आई, बाबा, धनेशदादा आणि वहिनी एकाच वेळी बोलत असतात. मी माझी पाळी येईपर्यंत थांबते आणि ती येत नाही. त्यामुळे बोर्ली पंचतनला रक्त तपासणीच्या लॅबमध्ये नोकरी लागली, तेव्हा निघताना आईला एकच काळजी होती. "तुजा आवाज कोनाला ऐकू तरी येल का गो तिकरं?"

आला. पहिल्याच सकाळी एक आजोबा रक्त द्यायला बसले. मी म्हटलं, "बाबा, मूठ वला." एवढंच. आजोबांनी दोन्ही मुठी वळल्या आणि डोळे घट्ट मिटले. लॅबचे मालक सुजित सर पलीकडून म्हणाले, "प्राप्ती मॅडम, सुई तरी लावा आधी. नुसत्या बोलण्यानंच त्यांचं अर्धं रक्त आटलं."

आम्ही उरणकडचे. घरचं मिठागर. आता थोडंच उरलंय, आणि बाबा न्हावा शेव्याच्या बंदरात ट्रेलर चालवतात, पण बोलणं मिठागरातलंच राहिलं. तिथे भिंत नाही, झाड नाही, वारा मात्र कायम. या बांधावरून त्या बांधावरच्या माणसाला पाणी मागायचं तर आवाज वाऱ्याच्या वर काढावाच लागतो. पुस्तकी मराठी मला लिहिता येते. तोंडातून मात्र 'ळ'चा 'ल' होऊन निघतो आणि वाक्य संपता संपता वर चढतं. इथल्या लोकांचं वाक्य शेवटी खाली उतरतं. पोफळीच्या वाडीत राहून त्यांना ओरडायची गरजच पडली नसावी.

मी सोनाबाईकाकी आणि भागोजीकाकांच्या पडवीलगतच्या खोलीत राहायला लागले. दोघंच माणसं, मुलगा मुंबईला. दोघांचं बोलणं इतकं हळू की काकांनी चहा मागितला की काकीलाच कळायचं.

एका संध्याकाळी आईचा फोन आला. दादानं जिताडा आणला होता. आमच्याकडे जिताडा म्हणजे नुसता मासा नव्हे, घरातलं कार्य.

"कवरा मोठा?" मी विचारलं.

"तुज्या हाताएवरा!"

"मग माझ्यासाठी ठेव!"

"कुठं ठेवू? फ्रीजमदी जागा नाय!"

"बर्फ काढून टाक!"

फोन ठेवला तर काकी पाण्याचा तांब्या घेऊन उभी. "पानी पी आधी," ती म्हणाली. "आनि बाय, आईशी असा भांडू न्हाय. आई परत भेटत न्हाय."

"काकी, भांडत नव्हते. माशाचं बोलत होतो."

तिनं मान हलवली. लॅबमध्ये पेशंट 'उपाशीपोटी आलोय' म्हणतो तेव्हा मी हलवते, तशी.

त्यानंतर रोज फोनच्या वेळी शेजारची नूतनवहिनी कुंपणाशी सुपात काहीतरी निवडत उभी राहू लागली. तिनं काकीला विचारलंही, "तिच्या घरात वाटनीचा चाललाय काय?" शेवटी एकदा भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता काकी म्हणाली, "बाय, तू चांगली हायस. पन लोक विचारतात. आमाला दोघांना शांत राहायची सवय. म्हयना सरला की दुसरी खोली बघशील काय?"

दुसरी खोली नव्हती. आसपासच्या साऱ्या खोल्या शनिवार-रविवारच्या पर्यटकांसाठी राखलेल्या. खोली गेली की नोकरी गेली आणि मी परत घरी, आपली पाळी यायची वाट बघत. मी म्हटलं, "काकी, रविवारी घरचे यायचेत. त्यांना एकदा बघा. मग ठरवा."

"येऊ देत की. जेवायलाच येऊ देत. मंग बघू."

त्या 'मंग बघू'वर माझी खोली टांगलेली होती. मी बाजारामागच्या मोकळ्या शेतात जाऊन घरी फोन केला आणि सगळ्यांना एकच गोष्ट बजावली. हळू बोला. शक्यतो बोलूच नका.

"मना जमनार नाय," दादा म्हणाला.

"आमी काय जनावरा हाव का?" आई म्हणाली.

"खोली जाईल," मी म्हटलं, आणि पलीकडे आयुष्यात प्रथमच सगळे गप्प झाले.

रविवारी आगरदांड्याहून फेरीबोटीनं दिघीला उतरून ते आले. गाडीची दारं इतक्या अलगद लागली की मला आत कळलंही नाही. बाबांची एक हाक बंदरातला ट्रेलर जागेवर थांबवते. ते पडवीत हात जोडून पुटपुटले, "नमस्कार." आईनं जिताडा आणि मिठाची पिशवी काकीच्या हाती दिली, एक शब्द न बोलता.

काकीनं गावठी कोंबडीचा रस्सा आणि तांदळाच्या भाकऱ्या केल्या होत्या. माझी माणसं खाली माना घालून जेवू लागली. दादानं रस्सा खुणेनं मागितला. वहिनी घास चावताना तोंडावर पदर धरत होती. मला हे जमल्याचा आनंद झाला, पण थोडाच वेळ. प्रयोगात एकच गोष्ट बदलायची, बाकी तशीच ठेवायची, असं आम्हाला शिकवलंय. मी या लोकांचा आवाज काढून घेतला होता, आणि समोर जे उरलं होतं ती माझी माणसं नव्हतीच.

काकीनं मला चुलीपाशी ओढलं. "मीठ जास्त झाला काय?"

"नाही काकी. छान झालंय."

"मंग मयताला आल्यासारकी का बसलीत? आमचं घर पटला न्हाय त्यांना? तुला न्यायला आलीत काय?" तिचे डोळे भरले होते. खोली सोड म्हणणारी हीच बाई.

पडवीत भागोजीकाकाही अस्वस्थ झाले होते. त्यांनी बाबांपुढे हात जोडले. "दयारामशेठ, आमचं काय चुकला असंल तर सांगून टाका."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांची मान लाल झाली होती. उकळत्या भांड्यावर झाकण दाबून धरल्यासारखा चेहरा.

"बाबा, बोला," मी म्हटलं.

"काय चुकला? आरं, असा रस्सा मी माजे जल्मान खाल्ला नाय!"

पन्हळीवरचा कावळा उडाला. मग आई, मग दादा, मग वहिनी, सगळे एकदम सुरू झाले. कोंबडी कुठली, मसाला घरचा का, भाकरी अशी पातळ कशी थापता. भागोजीकाका एका तोंडाकडून दुसऱ्या तोंडाकडे बघत राहिले. काकी छातीवर हात ठेवून उंबऱ्यावरच बसली.

"मंग मघाशी का न्हाय बोललात?"

"पोरीनं तोंडाला कुलूप लावलान!" आई म्हणाली. "हलू बोला, हलू बोला. नायतर खोली जाल!"

काकीनं माझ्याकडे बघितलं. मी हातातल्या भाकरीकडे.

इतक्यात कुंपणावरून नूतनवहिनीची हाक आली. हातात सूप तसंच. "सोनाबाय, काय झाला? कोन भांडतंय?"

"कोन न्हाय गो," काकी म्हणाली. "जेवतायत!"

मग ती आईकडे वळली. "मंग तुमी भांडता तरी कशी?"

"भांडतो तवा बोलत नाय."

"मघाशी बसला होतात तशी?"

"तशीच."

काकीनं थोडा विचार केला. पदरानं डोळे पुसले, आणि आमच्या घरात शोभेल अशा आवाजात मला म्हणाली, "मंग तसला भांडान माझ्या घरात परत नको. ऐकलंस काय गो?"

"आणि खोली?" मी विचारलं.

"खोलीला काय झालंय? रस्सा वाढ बापसाला."

आता संध्याकाळी आईचा फोन आला की आधी काकी उचलते. जिताडा कसा चिरायचा इथपासून सुरुवात होते आणि मग दोघी एकमेकींना ओरडून ओरडून सगळं विचारतात. परवा नूतनवहिनी तांब्या घेऊन धावत आली. "पानी पी, सोनाबाय. आनि भांडू नको गो असा कोनाशी."

काकी पाणी प्यायली, तिनं तांब्या परत दिला आणि बोलणं पुढे चालू ठेवलं. मी पायरीवर बसले होते. माझ्या आईशी बोलायची माझी पाळी कधी येते, याची वाट बघत.