सावलीतली डिश

नेडीन घरगाडीच्या टपावर गुडघे टेकून डिशवरची धूळ ओल्या फडक्यानं पुसत होती, तेव्हा खालून कुणीतरी हाक मारली.

"अहो, इंटरनेटचं तुम्हालाच विचारायचं म्हणतात सगळे. खरं ना?"

फडकं तिच्या हातात तसंच राहिलं. चेहरा बघायच्या आधी तिनं आवाज ओळखला होता. मध लावल्यासारखा, वाक्याच्या शेवटी हलकेच खाली बसणारा. कर्टिस प्रुइट.

टोलीडोच्या विमा कंपनीत नेडीननं उभी हयात काढली होती. तिथून प्रुइटनं तिला काढलं ते व्हिडिओ कॉलवरच, घरबसल्या. नवऱ्याच्या, वॉल्टच्या केमोचे दिवस होते, आणि तो खर्च तिच्या नोकरीतल्या विम्यावरच चालायचा. 'नवऱ्याच्या उपचारांचं काय?' एवढं तिनं विचारायला घेतलं आणि पडदा काळा झाला. त्यानं बटण दाबलं होतं. पुढे उपचारांपायी घर विकावं लागलं, त्या दोघांनी ही घरगाडी घेतली, आणि वॉल्ट गेल्यावर ती एकटीच ॲरिझोनाच्या वाळवंटात हिवाळे काढू लागली.

शिडी उतरून ती समोर उभी राहिली. त्यानं हात पुढे केला. चेहऱ्यावर ओळखीची खूण नव्हती.

"मी कर्टिस. घटस्फोटात बायकोनं घर ठेवलं, मला गाडी मिळाली," तो हसला. "आता मुक्काम कायमचा चाकांवर. पण माझं पोट इंटरनेटवर आहे. दोन डिश बघून ठेवल्यात, कुठली घेऊ ते सांगा."

"काम कसलं करता?"

"कंपन्यांची अवघड बोलणी करून देतो. माणसं कमी करायची असली की मालकांच्या जिवावर येतं. मग मला बोलावतात."

"आणि तुमच्या नाही येत जिवावर?"

"सवय झाली हो."

नेडीननं फडकं पिळलं. या माळावर गाड्या लावून राहणारे सगळे तिच्या शब्दावर डिश घेत. पडद्यावर समोरासमोर बोलायचं असेल तर कमी उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांची डिश घ्यावी आणि गाडी उघड्यावर लावावी, हे ती झोपेतही सांगू शकली असती. दुसऱ्या डिशला फार उंचावरचा एकच उपग्रह बघायचा असतो. शब्द रेंगाळत पोचतात, आणि मध्ये फांदी आली की तेही बंद. आजवर तिनं कुणाला खोटं सांगितलं नव्हतं.

"उंचावरची घ्या," ती म्हणाली. "जुनी आहे, भरवशाची. आणि गाडी तिकडे कोरड्या ओढ्याकाठी लावा, झाडांखाली. सावली मिळेल."

"देवासारख्या भेटलात बघा."

डिश आली तेव्हा बसवून द्यायलाही तीच गेली. वारा पडला होता. फांद्यांच्या फटीतून उपग्रह बिनबोभाट सापडला आणि प्रुइट खूश झाला. परतताना नेडीनला कित्येक महिन्यांत लागली नव्हती अशी कडकडून भूक लागली. तिनं अंडी तळली, तव्यातूनच खाल्ली, आणि वर पावानं तवा पुसून घेतला.

सोमवारी सकाळपासून वारं सुटलं. त्याच्या खिडकीतलं बोलणं ऐकू येईल अशा बेतानं तिनं घडीची खुर्ची बाहेर मांडली आणि कॉफी घेऊन बसली.

"हॅलो? ऐकू येतंय का? हॅलो!"

ती मोठ्यानं हसली. एकटीच.

थोड्या वेळानं तो लॅपटॉप छातीशी धरून धावतच आला. शर्ट घामानं पाठीला चिकटला होता.

"तुमचं इंटरनेट द्या हो जरा. माझं मेलं पार."

"बोलणं अडलं वाटतं?"

"एका बाईला सांगत होतो. नोकरी गेली एवढं सांगून झालं, ती काहीतरी विचारायला लागली, तेवढ्यात तुटलं."

कप तिच्या ओठांपाशी थांबला.

"काय विचारत होती?"

"कुणास ठाऊक. तिचं जाऊ द्या, तिला टपालानं कळेल. पुढचा माणूस ताटकळलाय माझा."

नेडीननं ओढ्याकडे पाहिलं. झाडं हेलकावत होती. जागा तिनंच निवडून दिली होती. ती बाई अजून तशीच पडद्यासमोर बसली असेल. उरलेली कॉफी तिनं वाळूत ओतून दिली.

"आत या," ती म्हणाली. "पण आधी तिला लावा."

"अहो, तशी पद्धत नसते. एकदा सांगून झालं की..."

"तिला नाही, तर कुणालाच नाही."

त्यानं घड्याळ पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि निमूट आत जाऊन टेबलाशी बसला. चित्र स्वच्छ आलं. पडद्यावर तिशीतली एक बाई होती, नाक लाल झालेली. मागे ओट्यावर न धुतलेली भांडी. प्रुइटनं नेडीनला बाहेर जायची खूण केली. तिनं दार आतून लावलं आणि त्याच्यासमोर बसली.

"जरा तांत्रिक अडचण आली," मधाळ आवाज सुरू झाला. "तर मी सांगत होतो..."

"मी विचारत होते," बाई म्हणाली. "पुढच्या महिन्यात बाळंतपण आहे माझं. विमा तोवर राहील का? एवढंच सांगा मला. मघाशी तुम्ही बंदच करून टाकलंत."

"त्याबद्दल तुम्हाला लेखी कळवण्यात येईल," असं म्हणताना त्याचं बोट बटणाकडे गेलं.

नेडीननं त्याचं मनगट टेबलावरच दाबून धरलं.

तो चिडून वर बघायला लागला. मग बघतच राहिला. त्याच्या कपाळावर बारीक आठी पडली.

"आपण आधी कुठे भेटलोय का?" त्यानं हळूच विचारलं. "तुमचं आडनाव काय?"

पडद्यावरची बाई वाट बघत होती.

"तिला उत्तर दे," नेडीन म्हणाली.