माझी झडप उघडी होती

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे. स्टीलचा, गोल, झाकणाला कडी असलेला. दवाखान्यातल्या ड्रेसिंगच्या खोलीत माझी अख्खी हयात गेली. आपली कहाणी सांगताना सगळेजण पराक्रम सांगतात. माझ्याकडेही दोन-चार आहेत. पण आज जे सांगायला बसलो आहे, ते सांगताना माझी मान वर होत नाही. डब्याला मान नसते, हे मला कळतं. तरीही होत नाही.

एका कारखान्यात पत्रा वळवून मला घडवलं. माझ्या कडेला ओळीनं भोकं पाडली आणि त्यांच्यावर एक सरकती झडप बसवली. ही भोकं कशाला, ते नीट ऐका. माझ्या पोटात कापसाचे गोळे आणि जाळीच्या कापडाच्या घड्या भरायच्या, झडप उघडी ठेवायची आणि मला वाफेच्या यंत्रात घालायचं. वाफ भोकांतून आत शिरते आणि जंतू मारते. बाहेर काढलं की लगेच झडप बंद. नंतर ती उघडी दिसली, तर आतलं सगळं बाद. पुन्हा वाफेत घालायचं. बस, एवढाच नियम. तुम्हालाही एका दमात पाठ होईल.

मला सांभाळायच्या थोरल्या सिस्टर. जाळीच्या कडा आत दुमडून त्या अशा घड्या घालायच्या की एक सुटा धागा जखमेत जायचा नाही. दुसऱ्या कुणी मला हात लावला तर म्हणायच्या, "ठेव तो खाली. माझा डबा आहे तो." एकदा मोठे डॉक्टर म्हणाले, "या खोलीतली जखम चिघळत नाही." झालं! त्या दिवसापासून माझं नाक वर गेलं ते गेलंच.

मग तो कंपनीचा माणूस यायला लागला. इस्त्रीचा शर्ट, काळी बॅग आणि बॅगेत चकचकीत पाकिटं: एकात स्पंजासारखी मऊ पट्टी, दुसऱ्यात जेल, तिसऱ्यात चांदीचे कण. सोबत एक तक्ता, त्यात वर वर चढत जाणारी रेघ.

"मॅडम, बाजार कुठे चाललाय बघा," तो म्हणायचा. "माणसं जास्त जगतायत, साखर वाढतेय, जखमा वाढतायत. रोज पट्टी बदलायचे दिवस गेले. पाच वर्षांत जाळीला कुणी विचारणार नाही."

"जखमा वाढल्याचा एवढा आनंद झालेला माणूस मी पहिल्यांदाच बघतेय," सिस्टर म्हणायच्या. तोही हसायचा आणि पुढच्या आठवड्यात परत हजर.

पण त्याचं खोटं नव्हतं. बाकीच्या खोल्यांत पाकिटं आली. तिथले माझ्यासारखे दोन डबे भंगारात गेले. तिसऱ्याची बागेत कुंडी झाली. पाणी निथळायला भोकं आयतीच होती. मी मात्र टिकलो आणि मनातल्या मनात पाकिटांवर जळत राहिलो.

त्या सुमारास एक शिंपी रोज यायचे. सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. साखरेचा आजार, उजव्या पायाच्या अंगठ्याखाली जखम. पायानं मशीन चालवणारा माणूस तो! डॉक्टरांनी बजावलं होतं, जखम चिघळली तर पाय कापायची वेळ येईल. सहा आठवडे मास्तर नेमानं आले आणि जखम भरत आली. "ताई, आणखी आठ दिवस ना? मग मशीनवर बसतो," ते म्हणाले, तेव्हा सिस्टरांचाही चेहरा खुलला.

दुसऱ्या दिवशी मास्तर बाकावर पाय ठेवून बसले होते आणि कंपनीचा माणूस पाकीट हातात धरून उभा होता. सिस्टरांनी मला कपाटातून काढलं. माझ्या झडपेचा स्क्रू बरेच दिवस ढिला होता. रात्रीतून ती सरकून अर्धी उघडी पडली होती.

सिस्टरांना ते दिसलं. त्या थबकल्या.

"मॅडम, आज हे वापरून बघा ना. नमुना आहे, फुकट," तो म्हणाला.

"द्या" म्हटलं असतं की संपलं असतं. पण सिस्टरांनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि अंगठ्यानं झडप हळूच लोटली.

"माझ्या डब्याला काय धाड भरलीय?" त्या म्हणाल्या.

आणि मी? मी मनात म्हणत होतो, लवकर लोटा, त्याला दिसायला नको. झडप लागली तेव्हा मला आनंद झाला. जिंकलो, असं वाटलं. शी! आठवलं तरी अंगावर काटा येतो.

तिसऱ्या दिवशी मास्तरांचा पाय लाल झाला, सुजला. पाय वाचला, पण दोन बोटं गेली. डॉक्टर म्हणाले, "साखरेत होतं असं, सिस्टर." कुणी काही विचारलं नाही. सिस्टरांनी मात्र मुकाट्यानं पाकिटं मागवली.

मास्तर काठी टेकत पुन्हा ड्रेसिंगला आले, तेव्हा सिस्टर उभ्या राहिल्या. "मास्तर, त्या दिवशी डबा उघडा होता. मला दिसलं होतं. त्या माणसासमोर मला हार खायची नव्हती."

मास्तरांनी काठी बाकाला टेकवून ठेवली. मग म्हणाले, "ताई, माझ्याकडून कापड चुकीचं कापलं गेलं, तर मी गिऱ्हाइकाला सांगतो आणि नवीन कापड आणून देतो. तुम्ही काय आणून देणार?"

सिस्टरांचे डोळे भरून आले. त्यांनी ट्रेमधलं नवं पाकीट उचललं.

"करा ड्रेसिंग," मास्तर पाय पुढे करत म्हणाले. "पण पाकीट माझ्यासमोर फोडा."

हल्ली मी अडगळीच्या खोलीत असतो. जुन्या वस्तू सांभाळा, त्यांना टाकू नका, असं मी तुम्हाला सांगावं अशी रीत आहे. पण कोणत्या तोंडानं सांगू, मित्रांनो? मला खूप सांभाळलं होतं. सांभाळायचा होता तो मास्तरांचा पाय.